पायलटला काय विचारायचं?

आमच्या धंद्यात 'पायलट' हा शब्द फार स्वस्त झालाय. एका शाखेला किंवा एखाद्या हौशी गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर वापरायला द्यायचं, चार आठवडे वाट बघायची, कुणी फारशी बोंब मारली नाही की "पायलट सक्सेसफुल" अशी स्लाइड करायची आणि सगळीकडे सोडून द्यायचं. मी जवळून पाहिलेल्या एका प्रोजेक्टमध्ये (नाव सांगत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे :-)) पायलटसाठी निवडलेली शाखा कुठली, तर मुख्य कचेरीच्या खालच्याच मजल्यावरची. नेटवर्क सुसाट, ऑपरेटर सगळ्यात हुशार, आणि काही अडलं तर वरून दोन मिनिटांत माणूस हजर. तिथे सगळं सुरळीत चाललं यात नवल ते काय? पुढे तालुक्याच्या गावी तीच स्क्रीन उघडेपर्यंत लोकांचा चहा पिऊन व्हायला लागला, तेव्हा मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत होते. "पण पायलट तर व्यवस्थित झाला होता!" झाला होता ना. मुख्य कचेरीच्या खालच्या मजल्यावर हे चालतं का, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्याने चोख दिलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही वीकांत मी भलत्याच विषयात डोकं घालून बसलोय. औषधांच्या आणि उपचारांच्या ज्या रँडमाइज्ड ट्रायल्स होतात, त्यांच्याआधी जे छोटे छोटे अभ्यास करतात, त्यांच्याबद्दल वाचतोय. मी डॉक्टर नाही आणि संख्याशास्त्रज्ञ तर मुळीच नाही. पण त्या जगातली मंडळी 'पायलट' या शब्दावर ज्या तावातावाने भांडतात, ते वाचताना सारखं वाटत राहिलं की हे आपलंच भांडण आहे. फरक इतकाच की आमचा पायलट फसला तर स्क्रीन उघडत नाही, त्यांचा फसला (किंवा चुकीचा वाचला) तर माणसं जातात.

ज्यांना ट्रायल म्हणजे काय ते नीट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन उपचारांपैकी कुठला चांगला हे ठरवायचं असेल तर डॉक्टरच्या किंवा पेशंटच्या पसंतीने गट पाडून चालत नाही. कारण डॉक्टर आपसूकच धडधाकट पेशंटला ऑपरेशनकडे आणि म्हाताऱ्या-थकलेल्यांना दुसरीकडे पाठवतो. मग गटांत आधीच फरक. म्हणून कोण कुठल्या गटात जाणार हे निव्वळ चिठ्ठीवर सोडायचं. अशी मोठी ट्रायल म्हणजे अनेक वर्षं, भरपूर पैसा आणि शेकडो-हजारो माणसं. ती सुरू करण्याआधी 'हे जमणार आहे का?' हे तपासायला करतात तो फीजिबिलिटी अभ्यास. आणि त्यातही होऊ घातलेल्या ट्रायलची छोटी आवृत्तीच चालवून बघितली, तर तो पायलट. ही व्याख्या मी केलेली नाही. बरीच वर्षं घोळ घातल्यावर २०१६ साली या क्षेत्रातल्या लोकांनी ती ठरवली, आणि असे अभ्यास कसे लिहून प्रसिद्ध करावेत याचे नियमही त्याच वर्षी आले.

आता 'जमणार आहे का' हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो मुळीच किरकोळ नाही. लुई लसान्या नावाचे एक अमेरिकन औषधतज्ज्ञ होते. त्यांच्या नावाने एक गमतीदार 'नियम' सांगतात: ट्रायल सुरू झाली की त्या आजाराचे पेशंट गायब होतात, आणि ट्रायल संपली की परत पूर्वीइतकेच दिसायला लागतात. विनोद सोडा, आकडेही तेच सांगतात. ब्रिटनमध्ये १९९४ ते २००२ या काळात सरकारी पैशावर चाललेल्या शंभराहून जास्त ट्रायल्सचा हिशोब २००६ साली प्रसिद्ध झाला. ठरवले तेवढे पेशंट मिळवणाऱ्या ट्रायल्स त्यात एक तृतीयांशाहूनही कमी होत्या आणि निम्म्याहून जास्त ट्रायल्सना मुदतवाढ घ्यावी लागली होती. (आमच्या धंद्यातल्या डेडलाइन्सचा असा हिशोब कुणी मांडला तर आम्ही यांच्यापेक्षा बरे निघू असं मला वाटत नाही. असो.)

आणि पेशंट पुरेसे नाही मिळाले तर ट्रायल नुसती लांबत नाही, ती निरर्थक होऊ शकते. २००२ साली उत्तर अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरसाठी ऑपरेशन चांगलं की किरणोत्सर्गी कणांचं रोपण, हे बघायला 'स्पिरिट' नावाची ट्रायल सुरू झाली. हवे होते दोन हजारांच्या आसपास पुरुष. मिळाले ५६. २००४ मध्ये गाशा गुंडाळला. त्या ५६ जणांनी आपला उपचार चिठ्ठीवर सोडला होता, आणि त्यातून कुणालाच काही कळलं नाही.

त्याच आजारावर, साधारण त्याच सुमारास, ब्रिटनमध्ये जे झालं ते मात्र मला भयंकर आवडलेलं आहे. तिथली ट्रायल होती 'प्रोटेक्ट'. पेच आणखी अवघड होता. लवकर सापडलेल्या प्रोस्टेट कॅन्सरला तीन पर्याय: ऑपरेशन, रेडिएशन, किंवा काहीच न करता नियमित तपासण्या करत लक्ष ठेवायचं. आता विचार करा. पन्नाशी-साठीच्या माणसाला "तुम्हाला कॅन्सर आहे" असं सांगायचं आणि त्याच बैठकीत म्हणायचं की तुमच्यावर ऑपरेशन करायचं की काहीच नाही करायचं, हे आपण चिठ्ठी टाकून ठरवू या. कोण तयार होईल? बहुतेक जाणकारांचं मत होतं की हे होणे नाही.

म्हणून त्यांनी १९९९ मध्ये आधी ब्रिस्टल, शेफील्ड आणि न्यूकॅसल या तीन ठिकाणी फीजिबिलिटी अभ्यास सुरू केला. आणि त्यात जेनी डोनोव्हन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट केली. डॉक्टर आणि पेशंट यांच्यातल्या त्या बैठका, जिथे ट्रायलबद्दल सांगितलं जातं, त्या सरळ रेकॉर्ड केल्या. मग त्या बसून ऐकल्या. पेशंटना वेगळं भेटून विचारलं की तुम्हाला यातलं काय समजलं?

जे निघालं ते बघा. लक्ष ठेवण्याच्या पर्यायाला डॉक्टरी इंग्रजीत जो शब्द होता त्याचा अर्थ 'सावधपणे वाट पाहणं'. पेशंटने ऐकलं ते असं, की मी मरेपर्यंत हे लोक नुसते बघत बसणार. ऑपरेशन आणि रेडिएशनबद्दल डॉक्टर भरभरून बोलायचे, तिसऱ्या पर्यायाला दोन वाक्यांत उरकायचे, आणि तोही शेवटी. इतकंच काय, 'ट्रायल' हाच शब्द काहींना त्या तिसऱ्या पर्यायाबद्दलचा वाटत होता: करून बघू, जमलं तर जमलं. म्हणजे दोघंही एकाच खोलीत, एकाच भाषेत बोलत होते, आणि निरोप मात्र पोचत नव्हता.

मग त्यांनी बदल केले. तिसऱ्या पर्यायाला 'सक्रिय देखरेख' अशा अर्थाचं नाव दिलं आणि त्यात नेमकं काय काय करतात ते सांगायला सुरुवात केली. तो पर्याय सगळ्यात आधी सांगायचा. 'ट्रायल'ऐवजी 'अभ्यास' म्हणायचं. या आजारात दहा वर्षांनी बहुतेक जण हयात असतात, हे स्पष्ट सांगायचं. सांगणाऱ्यांना तसं शिकवलं. औषध बदललं नाही की उपचार बदलला नाही, बदलले ते शब्द आणि त्यांचा क्रम. २००० च्या मे महिन्यात विचारलेल्यांपैकी तीस-चाळीस टक्के लोक चिठ्ठीला तयार होत होते. वर्षभरात हा आकडा सत्तर टक्क्यांवर गेला. याच टप्प्यात त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली: हे समजावून सांगायला महागडे सर्जन लागतात का, की नर्सही चालतील? तेही चिठ्ठ्या टाकूनच तपासलं (याला म्हणतात कामाची निष्ठा). नर्सेस जवळजवळ तितक्याच यशस्वी ठरल्या, आणि खर्च कमी.

पुढची गोष्ट नऊ केंद्रांवरची आहे. २००९ पर्यंत ८२,४२९ पुरुषांची पीएसए ही रक्ततपासणी झाली आणि ज्यांचा कॅन्सर लवकर सापडला त्यांच्यातले १६४३ जण चिठ्ठीला तयार झाले. निकाल २०१६ मध्ये आला आणि पंधरा वर्षांनंतरचा २०२३ मध्ये. पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले लोक एकूण ४५, म्हणजे २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही. देखरेखीच्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जवळपास दुप्पट होतं, नऊ टक्क्यांच्या वर. आणि ऑपरेशनच्या गटात लघवीवरचा ताबा जाण्याचे त्रास जास्त. म्हणजे आज एखाद्या माणसाला हे निदान झालं, तर डॉक्टर त्याला म्हणू शकतो की घाई करू नका, विचार करायला वेळ आहे, आणि कशात काय धोका आहे ते हे बघा. हे म्हणता येण्याचं श्रेय अर्थातच फ्रेडी हॅमडी, डोनोव्हन आणि डेव्हिड नील यांच्या मोठ्या ट्रायलचं. पण ती उभी राहिली त्या रेकॉर्ड केलेल्या बैठकांवर. त्या फीजिबिलिटी अभ्यासाने 'कुठला उपचार चांगला' याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, आणि तेच बरोबर होतं.

आता उलट बाजूची गोष्ट. ही वाचून मी एक रविवार सुन्न होतो.

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या काही लोकांच्या हृदयात मधेच जादाचे, अवेळी ठोके पडतात. असे ठोके जास्त असणारे लोक अचानक दगावण्याचं प्रमाणही जास्त, हे १९७०-८० च्या दशकांत माहीत झालं होतं. मग विचार साधा: ठोके दाबणारं औषध द्या, माणसं वाचतील. अशी औषधं होतीही, आणि डॉक्टर ती देतही होते. अमेरिकेत मोठ्या ट्रायलची तयारी म्हणून 'कॅप्स' नावाचा पायलट झाला. ५०२ पेशंट, चार औषधं आणि प्लासिबो असे पाच गट. निकाल १९८८ मध्ये आला. एन्केनाइडने ७९ टक्के आणि फ्लेकेनाइडने ८३ टक्के लोकांचे जादाचे ठोके दाबले गेले. प्लासिबोच्या गोळीनेही ३७ टक्क्यांचे 'दाबले' (हे ठोके आपले आपणही कमीजास्त होत असतात, म्हणून). पायलट म्हणून काम उत्तम: कुठली औषधं पुढे न्यायची ते ठरलं, मात्रा ठरल्या, लोक वर्षभर टिकतात हे कळलं.

पण हे आकडे बघून वाचणाऱ्याच्या मनात काय ठसलं असेल? औषध चालतं! मोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे 'कास्ट'मध्ये, अर्ध्या लोकांना प्लासिबो देणं हाच अन्याय आहे असं म्हणणारे डॉक्टर होते. खुद्द ट्रायलच्या मूळ आराखड्यात संख्याशास्त्रीय कसोटी एकतर्फी ठेवली होती, म्हणजे फायदा होतो का एवढंच बघणारी. आमच्या भाषेत, एक्सेप्शन हँडलिंग लिहिलंच नव्हतं.

१९८७ मध्ये पेशंट घ्यायला सुरुवात झाली आणि एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग घाईघाईने थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत, औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ दगावले होते. प्लासिबोच्या ७२५ पैकी २२. औषध ठोके दाबत होतं, यात शंका नाही. ठोके दाबता दाबता माणसं मारत होतं. आणि ही औषधं तोवर ट्रायलच्या बाहेर, राजरोस दवाखान्यांत असंख्य लोकांना दिली जात होती. एन्केनाइड १९९१ मध्ये बाजारातून गेलं. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण वेगळ्या पेशंटमध्ये, अटॅक येऊन गेलेल्यांत नाही.

कॅप्सला हे का दिसलं नाही? गणित सोपं आहे. पाच गटांत वाटल्यावर प्रत्येक औषधाच्या वाट्याला शंभरच्या आसपास माणसं. त्यात दोन गेले की चार गेले, यावरून काहीही म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, तो पाठ करून ठेवण्यासारखा आहे: तीस जणांना औषध दिलं आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी खरा धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीन भागिले माणसांची संख्या. शंभर जणांत शून्य असेल तरी तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे "पायलटमध्ये कुणालाच काही झालं नाही" हे वाक्य ऐकायला जितकं आश्वासक, तितकंच पोकळ. हाच हिशोब उलट दिशेनेही लागू पडतो. वीस जणांच्या पायलटमध्ये औषधाने झकास फायदा दिसला, तर तो आकडा इतका हलता असतो की त्यावरून मोठ्या ट्रायलला किती माणसं लागतील हे काढणं म्हणजे एका युजरच्या लॉगिनवरून सर्व्हर किती मोठा घ्यायचा ते ठरवणं. आणि तरीही लोक हे सर्रास करतात.

माझं मत विचाराल तर पायलटच्या पेपरमध्ये 'उपचाराचा परिणाम लक्षणीय आढळला' छापाचं वाक्य संपादकांनी छापूच नये. त्याऐवजी मला तिथे हे वाचायचंय: किती जणांना विचारलं, किती हो म्हणाले, नाही म्हणणाऱ्यांनी कारण काय दिलं, तिसऱ्या महिन्यात किती जण परत आले, गोळ्या किती उरल्या होत्या, फॉर्ममधला कुठला रकाना सगळ्यांनी रिकामा सोडला. आणि हे सगळं किती असलं तर पुढे जायचं, किती असलं तर आराखडा बदलायचा आणि किती असलं तर दुकान बंद करायचं, ते आधी लिहून ठेवलेलं. नंतर नाही. नंतर काय, कुठल्याही आकड्याला यश म्हणता येतं. मोठी ट्रायल करायला घेतली, माणसं मिळाली नाहीत, मग जे झालं त्यालाच 'पायलट' असं नाव देऊन छापून टाकलं, ही चलाखी तर तिकडे इतकी ओळखीची आहे की त्यावर स्वतंत्र लेख आहेत.

यावर एक आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो, तो सांगायलाच हवा. पेशंट म्हणेल, माझा आजार थांबून राहिलेला नाही, तुम्ही आधी एक-दोन वर्षं 'जमतं का' ते बघणार आणि मग पुढची आठ-दहा वर्षं खरी ट्रायल? रास्त आहे. त्यासाठी मोठ्या ट्रायलचे पहिले काही महिनेच पायलट धरायचे आणि ठरलेल्या टप्प्यावर थांबून बघायचं, अशीही पद्धत आहे. आमच्याकडे थोड्या युजर्सना आधी नवी आवृत्ती देतात, तसंच. पण प्रोटेक्टसारख्या ठिकाणी, जिथे माणसं तयार होतील की नाही हेच ठाऊक नव्हतं, तिथे सुरुवातीला घातलेला वेळ मला वाया गेलेला वाटत नाही. स्पिरिटने तो वाचवला असेल, तर त्यात काय मिळवलं?

आणि छोटा अभ्यास छोटा आहे म्हणून फेकून द्यायचा का? त्याचंही उत्तर याच ठोक्यांच्या गोष्टीत आहे. १९८० साली ब्रिटनमध्ये लॉर्केनाइड नावाच्या, याच जातकुळीच्या औषधाचा ९५ जणांवर छोटा अभ्यास झाला होता. औषधाच्या गटात ९ मृत्यू, प्लासिबोच्या गटात १. करणाऱ्यांना वाटलं, योगायोग असेल. एवढ्या छोट्या आकड्यावरून तसं वाटणं चूकही नव्हतं. पुढे व्यापारी कारणांनी ते औषध बारगळलं आणि अभ्यास प्रसिद्धच झाला नाही. तो छापून आला १९९३ मध्ये, कास्टनंतर चार वर्षांनी, त्याच लोकांनी स्वतःहून, हे आधी छापलं असतं तर धोक्याची सूचना मिळाली असती असं म्हणत. त्या ९५ जणांच्या अभ्यासाने काही सिद्ध होत नव्हतं. पण तो कुणाच्या तरी टेबलावर असता, तर कास्टचा आराखडा करणाऱ्यांनी एकतर्फी कसोटी ठेवताना एकदा तरी थांबून विचार केला असता.

जाता जाता, आपल्याकडचं एक. भारतात ट्रायलचं संमतीपत्र पेशंटला समजेल अशा भाषेत असायलाच हवं, २०१९ च्या नियमांतही ते आहे. म्हणजे इथे ते मराठीत होतं. आता 'यादृच्छिक' हा शब्द घ्या. हा शब्द शुद्ध आहे आणि कोशात आहे, पण माझ्या आईला विचारलं तर ती म्हणेल, "कुठल्या देवाचं नाव हे?" 'चाचणी' म्हटलं की लोक दंडाची बाही वर करतात, कारण चाचणी म्हणजे रक्ताची. 'प्रयोग' म्हटलं तर "म्हणजे माझ्यावर प्रयोग करताय होय?" 'नाणेफेक' म्हणावं तर टॉस कुणीतरी जिंकतं आणि कुणीतरी हरतं, मग औषध मिळालं तो जिंकला, असंच वाटणार. आणि कोकणात, गोव्यात कुणी 'कौल लावल्यासारखं' म्हणून समजावलं तर सगळाच घोटाळा, कारण कौल देव देतो, आणि देवाने दिला म्हणजे तोच उपचार आपल्यासाठी योग्य! ट्रायलमध्ये तर नेमकं उलट सांगायचं असतं: कुठला योग्य ते आम्हाला माहीत नाही, म्हणून तर चिठ्ठी.

'चिठ्ठ्या टाकणं' त्यातल्या त्यात बरं वाटतं मला. पण हे माझं वाटणं झालं, खुर्चीत बसून केलेलं. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्यात साठीच्या शेतकऱ्याला ते ऐकताना काय वाटतं, हे तिथे रेकॉर्डर ठेवून, त्याची परवानगी घेऊन, मग शांतपणे ऐकल्याशिवाय कळणार नाही. त्याला फार तर दोन-तीन महिने लागतील आणि एक चांगलं मराठी समजणारा माणूस लागेल.